राखाडी

गंगावेशीत रात्री साडेदहाला
म्हैस तिथंच पिळतात, समोर.
फेसाळ पेला एका हातात
आणि दुसऱ्या हातानं बाळगोंडा
फोन फिरवतोय कट्ट्यावर:
बघा, हिरवं आभाळ.
अंगठा सरकतो, आणखी हिरवं.
दूधवाला म्हणतो, नाद खुळा, मालक,
आणि कासेकडं वळतो.

पाचजण गेलो होतो, ऐन पौषात,
नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला.
उद्यमनगरातले पाच,
अकरा वर्षं भिशी भरून.
बायका म्हणाल्या, काशीला जावा की.
सर्जेराव म्हणाला, काशी उत्तरेलाच हाय,
आम्ही जरा पुढं जाऊन येतो.

तिथं सूर्य उगवायचं नाव घेत नव्हता.
दुपारी बाराला एक तांबूस कड,
साच्याच्या फटीतून दिसावी तेवढी,
की लगेच झाकण.
भाड्याच्या घरात आनंदानं
कांदा-लसूण चटणी तेलात टाकली,
छतावरचं यंत्र बोंबललं,
शेजारची म्हातारी बर्फातून धावत आली,
बोटभर चाखली,
शिंकत, डोळे पुसत परत गेली.
दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन दारात.

दस्तगीरला आम्ही हाताला धरून नेला.
चाळीस वर्षं क्युपोलापुढं उभा राहिलेला माणूस.
लोखंडाचा नुसता रंग बघून ताप सांगायचा,
काटा मागनं येऊन होय म्हणायचा.
आता उजव्या डोळ्यात चुना, डाव्यात धुकं.
तिकिटं काढताना सून म्हणाली होती,
अब्बांना काय दिसणार तिथं?
आम्ही म्हणालो, आम्ही सांगू की.

तिसरी रात्र. उणे तेरा.
खाडीच्या काठावर आम्ही,
अंगात अस्वलासारखे भाड्याचे कोट,
पायात करकरणारी चप्पल नाही
म्हणून कुणीच स्वतःसारखं चालत नव्हतं.
वाटाड्या ओरडला.
डोंगरामागनं काहीतरी हललं.
पाचातले चार फोन वर गेले.
हिरवं! आयला, हिरवं!
बाळगोंडा नाचला, घसरला, पडून पण नाचला.
मी एका हातानं फोन धरून
दस्तगीरच्या कानात सांगत होतो:
भट्टीत चुकून तांबं पडलं की
ज्वाळेला रंग यायचा, आठवतंय?
तसलं. अख्खं आभाळ तसलं.

तो मान वर करून उभा.
टोपीच्या लोकरीवर श्वास गोठत होता.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
'मला राखाडी दिसतंय, सुतार.
फुंकल्यावर राख उडती, तसं.
जाऊ दे. माझंच डोळं.'

मी फोन खाली केला.
हातमोजा काढला, डोळे चोळले,
उघड्या डोळ्यांनी वर बघितलं.

राखाडी.
फिकट, लांबच लांब, हलणारी,
कुणी धोतर वाळत घालावं तशी पट्टी.
हिरवं होतं ते काचेत.

बोललो नाही.
सर्जेराव फोनमधून डोकं काढत नव्हता,
त्यालाही कळलं असावं.
माणशी साडेतीन लाख,
एवढ्या पैशाला राखाडी कोण म्हणणार?
परतीच्या गाडीत मी दस्तगीरला
पुन्हा हिरवंच सांगितलं, जरा वाढवूनच.
तो काचेला टेकून हूं हूं करत राहिला.

आता कट्ट्यावरची पोरं विचारतात,
चाचा, तुम्ही काय बघितलं?
दस्तगीरच्या मिशीला फेस.
'धूर,' तो म्हणतो,
'पण खाली भट्टी नसलेला.'
पोरं हसतात. बाळगोंडा पुढचा फोटो काढतो.

आज मात्र राहवलं नाही.
जवळ सरकून म्हणालो,
दस्तगीर, राखाडीच होतं रे.
'म्हाईत हाय,' तो म्हणाला,
'तू बोलता बोलता एकदम गप्प झालास,
तवाच कळलं.'

खालच्या बादलीत धार वाजत होती.
त्यानं पेला पालथा करून झटकला,
माझ्या हातात दिला.
'आणखी एक सांग.
आणि नीट बघून घे, सुतार,
ह्यो तरी पांढरा हाय न्हवं?'